चार नंबरच्या मशीनवरची वेळ

हजेरीपटाच्या उजव्या कडेला ‘शेरा’ नावाचा एक रकाना असतो. तो दोन बोटांहून रुंद कधीच छापत नाहीत. माणसे वेळेवर येतात, वेळेवर जातात आणि मध्ये काही घडत नाही, अशी छापणाऱ्याची समजूत असावी! गोंदियातल्या एका संगणकवर्गाचा हजेरीपट मी आठ वर्षे सांभाळला. त्या रकान्यात जे मावले नाही, ते माझ्याजवळ साठत गेले. मैत्रिणी म्हणतात, “बोरकरबाई, सांगून टाका, नाहीतर सोबत घेऊन जाल.” म्हणून सांगते. प्रसंगांचा क्रम मागेपुढे होईल. वेळा मात्र बरोबर असतील.

वर्ग बिसेन सरांचा. धान्याच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि दहा संगणक. सर स्वभावाने मोकळे, बोलणे अर्धे हिंदी, अर्धे मराठी. मी जुनी मॅट्रिक. यजमान गेल्यावर घरात घड्याळाच्या टिकटिकीखेरीज आवाज उरला नव्हता, म्हणून मी हे काम पत्करले. माझी एकुलती एक मुलगी ज्योती परिचारिका होती आणि तीन वर्षांच्या करारावर न्यूझीलंडला गेली होती. ती जाताना मी रडले नाही. “दिलेला शब्द पाळ,” एवढेच म्हणाले. ती परत केव्हा येणार, हे तिला विचारायचे नाही, असे मी स्वतःला बजावले होते.

रोज पन्नास जणांना ‘उशीर का झाला?’ म्हणून विचारणारी मी, तो एक प्रश्न काही विचारू शकत नव्हते.

*

एके दिवशी सरांनी जाहीर केले, “बाई, रजिस्टर बंद! आता हजेरी कॉम्प्युटर घेईल. पोरगा बसला, नाव टाकलं, टाइम आपोआप लागला!”

मी म्हणाले, “आणि संगणकाचे घड्याळ चुकीचे असेल तर?”

“मशीन आहे बाई, झूट नाही बोलत.” मी तरीही रजिस्टर चालूच ठेवले.

आठवड्यातच मुलांना शोध लागला की पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली, की वेळ हवी तितकी मागे नेता येते. सव्वाअकराला आलेला एक विद्यार्थी यादीत नऊ वाजून चाळीस मिनिटांनी हजर होता. मी कुलूप उघडते नऊ पन्नासला!

मी त्याला बोलावले. “कुलूप लागलेले असताना तू आत कसा आलास?”

त्याने क्षणभर विचार केला. “खिडकीतून आलो जी बाई.”

“दुसऱ्या मजल्यावर?”

“लवकर यायचं होतं ना!”

*

भरीस भर म्हणून त्या दिवसांत वीज तासन्‌तास जायची. मशीनच्या आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, ती वेळ धरून ठेवते. आमच्या निम्म्या मशीनमधल्या त्या बॅटऱ्या मेल्या होत्या. वीज परतली की दहा संगणक दहा वेगवेगळ्या तारखा दाखवायचे.

तेव्हा सरांनी वेळ ताळ्यावर आणण्याचे काम रत्नमालाकडे सोपवले. रत्नमाला मेश्राम आमच्याकडची शिक्षिका. दवनीवाड्याहून बसने यायची. वडील दुसऱ्याचे धानाचे शेत वाहायचे, आणि ही घराण्यातली पहिली पदवीधर. बोलायची गावाकडचे, पण प्रोग्राम लिहायची तेव्हा एक स्वल्पविराम इकडचा तिकडे होत नसे. म्हणून मला ती आवडायची.

“बाई,” तिने मला समजावले, “इंटरनेटवर एक कॉम्प्युटर राहते. त्याले विचारायचं का किती वाजले. तो सांगते. मंग आपन तेच आपल्या मशीनले सांगायचं. पोरं काही करू दे, टाइम हलत नाई.”

“फुकट सांगतो?”

“फुकट जी.”

“ओळख विचारत नाही?”

“कोनालेबी सांगते बाई. जात नाई विचारत, गाव नाई विचारत.”

असे कार्यालय मी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते.

*

पहिल्या दिवशी प्रोग्राम सुरू झाला आणि सरांनी आतूनच हाक मारली, “बाई! तुम्ही सकाळी चार वाजून वीस मिनिटांनी येऊन काय करून राहिल्या होत्या? झाडू तर मारलेला दिसत नाही!”

मी नऊ पन्नासला आले होते. पडद्यावर माझ्या नावापुढे पहाटेचे चार वीस!

रत्नमालाने डोक्याला हात लावला. “तो तिकडचा टाइम सांगते, सर. जगात सगळ्याइले एकच टाइम सांगते, ग्रीनविचचा. आपले साडेपाच तास आपन मिळवाचे राहतात.” तिने एक ओळ वाढवली आणि तीत आकडा लिहिला, एकोणीस हजार आठशे.

मी तिला थांबवले. कोणाच्याही आकड्यावर मी पडताळल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. कागद घेतला, साडेपाच गुणिले छत्तीसशे केले. एकोणीस हजार आठशे सेकंद. बरोबर.

“बाई, पास का नापास?” तिने विचारले.

“पास. पण हे काल करायला हवे होते.”

*

खाली धान्याचे शेठजी होते. वर इंटरनेटवरून खरी वेळ येते हे कळल्यापासून ते रोज सकाळी जिन्यातून हाक मारायचे, “बाई, आज का टाइम क्या है?” जणू धानाचा भाव विचारावा!

मी सेकंदासह सांगायची. महिनाभराने सहज दुकानात डोकावले, तर त्यांचे घड्याळ दहा मिनिटे पुढे.

मी रागावले. “शेठजी, मग मला रोज विचारता कशाला?”

“टाइम तो आपका ही सही है बाई,” ते हात जोडून म्हणाले, “लेकिन हमाल मेरे टाइम से आते हैं.”

*

फोनची तार तुटली, किंवा जोडणी लागली नाही, की त्या प्रोग्रामला उत्तर मिळायचे नाही. उत्तर नाही म्हणजे शून्य. आणि संगणकाच्या हिशेबी शून्य म्हणजे एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, त्यात आमचे साडेपाच तास मिळवले की पहाटेचे साडेपाच. त्यांची कालगणनाच तेथून सुरू होते म्हणे.

एका सोमवारी बावीस विद्यार्थी एकोणीसशे सत्तर साली हजर होते. त्यांतल्या एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता!

सर पोट धरून हसले. मुलेही हसली. मी ती तारीख पाहत उभी राहिले.

रत्नमाला जवळ आली. “बाई, काऊन पाहून राहिल्या? चुकीची आहे ते.”

“चुकीची आहे, ते मला ठाऊक आहे.”

त्या पहाटे ज्योती दोन महिन्यांची होती. साडेपाचला रडायची. अगदी ठरलेल्या वेळी. यजमान म्हणायचे, “हिला आईचे घड्याळ लागले आहे.” थंडी कडाक्याची, चूल पेटायला वेळ लागायचा, आणि मी तिला शालीत गुंडाळून स्वयंपाकघरात फेऱ्या मारायची.

“पुसून टाकू?” रत्नमालाने विचारले.

“जोडणी लागली की आपोआप पुसले जाईल ना?”

“हो.”

“मग राहू दे तोवर.”

*

एकदा त्या वेळ सांगणाऱ्याने आमच्याशी बोलणेच बंद केले. दोन दिवस उत्तर नाही. तार शाबूत, जोडणी शाबूत, तरी मौन!

“जबाबच नाई देऊन राहिला,” रत्नमाला रडकुंडीला आली. मग तिच्या ध्यानात आले की तिने लिहिलेल्या प्रोग्रामातून आमची दहाही मशीन दर सेकंदाला त्याला वेळ विचारत होती. तिकडे असा नियम आहे की फार सतावणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचे.

“योग्यच केले त्याने,” मी म्हणाले. “शहाण्या माणसाला दर सेकंदाला किती वाजले म्हणून कोणी विचारते का?”

बोलून गेले, आणि माझेच मला आठवले. ज्योती नवी नवी गेली तेव्हा मी वर्गातल्या मशीनवरून तिला रोज ई-मेल लिहायची. जेवलीस का, झोपलीस का, थंडी आहे का, स्वेटर घातलास का. तीन आठवड्यांनी तिचे दोन ओळींचे उत्तर आले : “आई, रोज विचारू नकोस गं. रविवारी एकदाच बोलू, तेव्हा सगळे विचार.”

रत्नमालाने प्रोग्राम दुरुस्त केला. “आता सकाळी एकदा विचारायचं बाई, मंग दिवसभर आपलं आपन मोजत राहायचं.”

ती पद्धत मला शिकवावी लागली नाही.

*

रविवारचा आमचा करार असा. तिकडे संध्याकाळचे सहा वाजले की ज्योती मेसेंजरवर येणार. ती आमच्या साडेसहा तास पुढे, म्हणजे आमचे साडेअकरा. पाऊण तास बोलायचे, मग ती रात्रपाळीला जायची. मी अकरा पंचवीसला चार नंबरच्या मशीनवर बसून कानांना हेडफोन लावून तयार असायची. सर रविवारी त्या मशीनवर कोणालाही बसू देत नसत. “वो बाई का खाता है,” म्हणायचे.

पावसाळा संपता संपता एका रविवारी मी नेहमीप्रमाणे अकरा पंचवीसला मशीन सुरू केले. पडद्यावर ओळी वाट पाहत होत्या.

“आई, आहेस का?”

“आई?”

“आई, तू उशिरा? बरी आहेस ना? घरी फोन लावला, कोणी उचलत नाही. क्लासचा फोन एंगेज.”

“आई, आता ड्यूटीला निघावे लागेल.”

घरचा फोन कोण उचलणार? मी वर्गात, समोरच्या खोलीत, दहा वाजल्यापासून! आणि वर्गाचा फोन व्यस्त, कारण त्याच तारेवर इंटरनेट चालू. ती मला शोधत होती, तेव्हा मी तिच्यापासून वीस पावलांवर हजेरी घेत बसले होते.

नंतर कळले, त्या दिवसापासून न्यूझीलंडने घड्याळे एक तास पुढे केली होती. आमचे साडेअकरा हे तिचे सहा राहिले नव्हते, सात झाले होते.

‘उशिरा’ हा शब्द त्यापूर्वी माझ्यासाठी कोणी वापरला नव्हता. परीक्षेत नाही, सासरी नाही. मुलीने वापरला. पुढचा रविवार येईपर्यंत सात दिवस मी तो शब्द घेऊन हिंडले.

रत्नमालाला मात्र उलगडा होईना. “सरकारच घड्याळ पुढं करते? काऊन जी?”

“उजेडाचा अधिक उपयोग व्हावा म्हणून.”

“बाप्पा!” ती म्हणाली. “आमच्या बापानं तर जिंदगीभर घड्याळ न पाहताच उजेड वापरला!”

*

या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा चार नंबरच्या मशीनवर मोठ्या आकड्यांत वेगळीच वेळ दिसत होती. ज्योतीची. रत्नमालाने प्रोग्रामात तिकडचे तास मिळवले होते आणि घड्याळे मागेपुढे करण्याचा नियमही घातला होता. मी काही सांगितले नव्हते. तिने कागद पुढे केला. फक्त म्हणाली, “गुणाकार करून पाहा.”

मी केला. बरोबर होता.

त्यानंतर मला दिवसातून कितीदा आत जायला कारण सापडू लागले, ते सांगत नाही. खडू आणायला. पंखा बंद करायला. आमच्याकडे पोरे डबे उघडायची तेव्हा तिकडे रात्र झालेली असायची. मनात म्हणायची, आता निघाली असेल, आता वॉर्डात शिरली असेल. सगळ्या गोंदियात उद्याचा दिवस आधी उगवायचा तो त्या एका पडद्यावर.

पुढे, आम्ही ज्या संस्थेचे प्रमाणपत्र देत असू, तिचे एक तपासनीस नागपूरहून आले. नऊ मशीन पाहिली, मान डोलावली. चारपाशी थबकले.

“बिसेनजी, सब मशीन में दो बजे हैं. इसमें साडेनौ? ये क्या है?”

मी पुढे होऊन खुलासा करणार, एवढ्यात सर शांतपणे म्हणाले,

“साहब, वो बाई की बेटी है.”

तपासनिसांनी माझ्याकडे पाहिले. वहीत काहीतरी लिहू लागले होते, ते खोडले आणि पाच नंबरकडे वळले.

*

आता शेवटचा प्रसंग.

तीन वर्षे संपत आली. श्रावणातल्या एका रविवारी ज्योती म्हणाली, “आई, हॉस्पिटलने नवा करार दिला आहे. आणखी पाच वर्षांचा. सही करून शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायची. पाचनंतर आलेली धरणार नाहीत, दुसरीला घेतील.”

“मग?”

“मग काय, तू सांग.”

पाच वर्षे! माझ्या वयात कोणी पाच वर्षे मोजायला घेत नाही. जिभेवर एकच शब्द होता, दोन अक्षरीदेखील नाही. मी म्हणाले, “तू सज्ञान आहेस. मी कशी सांगणार? मात्र जे करशील ते वेळेत कर.”

ती मग म्हणाली, “बरं.”

हेडफोन काढले, तेव्हा रत्नमाला मागे उभी होती. “बाई, ‘ये’ म्हनाले काय झालं होतं?”

“तुला वर्ग नाही का?”

“आहे जी. पन तुमी काऊन नाई म्हनलं?”

“तिचे आयुष्य आहे ते.”

“आनि तुमचं?” असे विचारून ती उत्तराची वाट न पाहता वर्गात गेली. आमच्याकडची माणसे बोलायला अशी सरळ असतात.

तो आठवडा मी कसा काढला, हे हजेरीपटावरून कळते. मंगळवारी दोन मुलांची उपस्थिती मी दोनदा लावलेली आहे.

शुक्रवारी मी कुलूप आठलाच उघडले आणि तेव्हापासून चार नंबरसमोरच होते. वर्गाची हजेरी सरांनीच घेतली. पडद्यावर तिकडचे तीन वाजले, चार वाजले. आमच्याकडे साडेदहा झाले आणि तिकडे पाच. मी पाहिले. पाच वाजून एक मिनिट. संपले. सही गेली असणार. मी उठून माठातले पाणी प्यायले, परत येऊन बसले. का बसले, ठाऊक नाही.

सव्वा तासाने मेसेंजर वाजला. शुक्रवारी ती कधीच येत नसे.

“आई, बोलू शकतेस?”

रत्नमाला धावत आली आणि मागे उभी राहिली. मी हेडफोन लावले, ते घाईत तिरपे बसले, म्हणून तिलाही ऐकू येत होते.

“पाठवलेस का गं ते?” मी विचारले. आवाज नेहमीसारखाच ठेवला.

“नाही अजून. कागद समोरच आहे. पेन पण आहे.”

“मुदत पाचची होती ना?”

“हो, पाचची. आहे की वेळ.”

माझ्यासमोर मोठ्या आकड्यांत तिकडची वेळ होती. सहा वाजून सोळा मिनिटे.

“ज्योती,” मी म्हणाले, “तुझ्याकडे किती वाजले?”

“थांब हं, पाहून सांगते. तुमच्या रत्नमालाकडून मी मागच्या महिन्यात तो घड्याळाचा प्रोग्राम मागवून घेतलाय, टेबलावर चालूच असतो.” खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “बाहेर अंधार पडलाय, आणि या घड्याळात सकाळचे अकरा वाजून शेहेचाळीस मिनिटे.”

रत्नमालाने पडद्याकडे बोट दाखवले. “बाई, पन तिकडे तर...”

मी हात वर करून तिला थांबवले.

“बरोबर आहे ना, आई?” तिकडून ज्योतीने विचारले.

भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मी म्हणाले, “अगदी बरोबर आहे.”